माळावरची काहील

मित्रांनो, समोर दोन म्हशी पाणी पीत आहेत. त्यांचं होईपर्यंत मला उसंत आहे, तेवढ्यात माझी गोष्ट सांगून टाकते. म्हैस पाणी पिताना कधी घाई करत नाही, त्यामुळे गोष्ट अर्धी राहील अशी धास्ती बाळगू नका.

मी एक जुनी काहील आहे. शहरातल्या मुलांनी मला पाहिलं नसेल, म्हणून सांगते. उसाचा रस उकळून गूळ करायचं भलंमोठं, गोल, पसरट लोखंडी भांडं म्हणजे काहील. तुमच्या घरातली कढई माझ्यात टाकली तर शोधत बसावं लागेल. माझ्या काठाला धरून उचलायला जाड कड्या आहेत, आणि बुडाला जाळाचा काळा थर इतका बसलाय की तो आता माझं कातडंच झाला आहे. हे मी मोठेपणानं सांगत नाही. बरं, थोडं मोठेपणानंही सांगते. जी भांडी आयुष्यभर फडताळात बसली, त्यांनी पाहिजे तर विनय दाखवावा.

माझा जन्म सातारा जिल्ह्यातला, कऱ्हाडचा. हरिबा नावाच्या कारागिरानं मला घडवलं. पत्रे कापून, वाकवून, रिबिटं ठोकून त्यानं मला गोल केलं आणि पूर्ण झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर मला काठोकाठ पाण्यानं भरलं. बुडाखाली हात फिरवत तो ओल कुठं लागते का ते बघत होता. मला न्यायला सांगली जिल्ह्यातून आदगोंडा पाटील आले होते. ते अधीर होऊन म्हणाले, "आवं हरिबा, ही रसाची काहील हाय. पाण्याचं काय बघताय?"

हरिबा शांतपणे म्हणाला, "अण्णा, जी पाणी आत धरती, ती पाणी भाईर बी धरती. एवढं ध्यानात ठिवा."

अण्णांनी ते ध्यानात ठेवलं नाही. मीही नाही. पण आमच्या दोघांच्या नशिबात ते लिहून ठेवलेलं होतं.

बैलगाडीत उताणी पडून मी कृष्णाकाठच्या बोरमळीला आले. बोरमळीची जमीन काळी, नदीच्या गाळानं पोसलेली. गावात बरीचशी घरं जैन शेतकऱ्यांची, मधोमध बस्ती म्हणजे त्यांचं मंदिर, आणि गावाच्या मागे चढावर बिरोबाचा माळ. त्या माळावर आटपाडीकडचे धनगर मेंढरं घेऊन येत, चार दिवस बसत आणि पुढं जात. बाकी कुणी तिकडं फिरकत नसे. अण्णांचं गुऱ्हाळ मळ्यात होतं. दिवाळी झाली की चुलवाण, म्हणजे गुऱ्हाळाची भलीमोठी चूल, पेटायचं आणि उन्हं तापेपर्यंत मी काही खाली बसत नसे. रस यायचा, तो साफ करायला भेंडीचं पाणी पडायचं, वरची मळी निघायची, पाक घट्ट होत जायचा. मग चौघं जण कड्या धरून मला गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतायचे. आख्ख्या शिवाराला तो वास कळायचा. येणारा-जाणारा गुऱ्हाळावर थांबला नाही असं होत नसे, आणि थांबलेला माणूस रिकाम्या हातानं परत जात नसे. लोक म्हणायचे, आदगोंडांच्या काहिलीचा गूळ हातात धरला तर हात गोड होतो. मी ऐकत असे. कौतुक ऐकायला कान लागत नाहीत.

पण दिवस सारखे राहत नाहीत. ऊस साखर कारखान्याकडं जाऊ लागला, गूळ शिजवणारा गुळव्या म्हातारा झाला, आणि एका वर्षी चुलवाण पेटलंच नाही. अण्णांनी मला गोठ्याच्या भिंतीला उभं करून ठेवलं. कोंबड्या माझ्या आडोशाला अंडी घालू लागल्या. ज्या बुडानं वणव्यासारखा जाळ सोसला, त्याला अंडी राखायचं काम आलं. मला फार वाईट वाटलं, हे सरळच सांगते.

मग दोन हजार एकोणीसचा श्रावण आला.

कृष्णा चढत होती. गावातले जाणते लोक बस्तीच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. त्या भिंतीवर दोन हजार पाच सालच्या पुराची रेघ तेलरंगानं काढलेली होती. सगळ्यांनी ती रेघ बघितली, माना हलवल्या आणि म्हणाले, "पाच सालाला पाणी हितवर आलतं. त्येच्या वर काय येतंय?" रेघेखालची घरं निघाली, रेघेवरची थांबली. मित्रांनो, नदीला वाचता येत नाही. तिनं ती रेघ बघितलीच नाही.

रेघेवरच्या घरांना बाहेर पडायला वाट उरली नाही. तेव्हा अण्णांचा मुलगा सन्मती आणि तरुण मंडळाचा दिग्विजय गोठ्याकडं धावले, कोंबड्यांना हुसकलं आणि मला पाण्यात ढकललं. आमच्या भागात ही रीतच आहे. नाव नसली की काहील काढतात. पण काहिलीला ना पुढचं टोक ना मागचं. पहिल्या धारेला लागताच मी गरगर फिरू लागले. आत बसलेली शेजारची सुलाबाई देवाचं नाव घेत होती आणि मध्येच दिग्विजयला शिव्या देत होती. हळूहळू पोरांना माझी खोड कळली. दोघांनी समोरासमोर बसून बांबू टेकवायचे, म्हणजे मी सरळ जाते. त्या दिवसात मी म्हाताऱ्या काढल्या, बाळंतीण काढली, शाळेतली मुलं काढली. हरिबाचं बोलणं खरं झालं. बाहेरचं पाणी मी बाहेरच धरलं.

शेवटी आम्ही अण्णांकडं गेलो. ते छातीएवढ्या पाण्यात गोठ्यात उभे होते आणि म्हशींची दावी सोडायला धडपडत होते. दावी भिजून आवळली होती. एक म्हैस सुटली आणि पोहत गेली. दुसरी सुटली नाही. तिसरीही नाही. सन्मतीनं बापाला मिठी मारून माझ्यात ओढलं. अण्णा माझ्या बुडाशी बसले, हातात तुटक्या दाव्याचा तुकडा होता, आणि ते हमसून हमसून रडत होते. ज्या घरात मुंगीला वाट देतात, दिवस मावळल्यावर घास घेत नाहीत, कारण अंधारात एखादा जीव पोटात जाईल, त्या घरानं मुक्या जनावरांना बांधून मारलं. हे त्यांचेच शब्द आहेत.

पूर ओसरला. माझा फोटो पेपरात आला. सत्कार झाला, माझ्या काठाला हार घातला. पण अण्णांनी त्या दिवसापासून एकच पालुपद धरलं. घरात, कट्ट्यावर, पाहुण्यांसमोर ते म्हणायचे, "फुडल्या बारीला मी म्हसरांसंगं ऱ्हाणार. मला न्यायला कुणी यायचं न्हाई."

लोक ऐकून सोडून द्यायचे. त्यांची सून, सन्मतीची बायको त्रिशला मात्र सोडून देत नव्हती, कारण तिला सासऱ्याचा स्वभाव ठाऊक होता. दोन वर्षांनी पुन्हा पाणी आलं, तेव्हा अण्णा खरोखर गोठ्यात जाऊन बसले. सगळ्यांनी हातापाया पडून झालं, ते हलले नाहीत. नशीब थोर, पाणी गोठ्याच्या पायरीखाली थबकलं. त्रिशला त्या दिवशी उंबऱ्यात उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. नशिबावर किती वेळा विसंबायचं, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. त्यानंतर तिला पाऊस म्हटलं की सासरा आठवायचा.

आणि मग आमच्या गावाला पैसे मिळायची गोष्ट निघाली. सांगलीच्या एका संस्थेच्या श्रद्धा मॅडम आल्या. बस्तीच्या पडवीत बैठक भरली, ती आमच्या गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर. मॅडम म्हणाल्या, "पुरासाठी तुमच्या गावाला अनुदान द्यायचं ठरलंय. फार मोठं नाही. पण त्याचं काय करायचं, ते आम्ही सांगणार नाही. तुम्ही ठरवायचं, तुम्हीच करायचं, अंगमेहनत तुमची."

लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागले. आजवर जे आलं ते वरून ठरून आलं होतं. कुणीतरी हळूच विचारलं, "पर मॅडम, तुमच्या मनात काय हाय ते तर सांगा." मॅडमनी हसून वहीचं कोरं पान पुढं सरकवलं.

दिग्विजय ताडकन उठला. "मनात काय असायचंय? बोट घ्यायची! इंजिनाची. काहिलीत बसून गरगर फिरायचे दिवस गेले." टाळ्या पडल्या. पूर म्हटलं की माणसाला बोटच दिसते, त्यात त्याचा दोष नाही. सन्मती मागून म्हणाला, "आनि बोट आली की आमची काहील भंगारात. गोठ्यात तेवढीच जागा हुईल."

माझं लोखंड गार पडलं. मित्रांनो, ज्याच्या बापाला मी पाण्यातून काढलं, त्याच्या तोंडून हे शब्द! पण गरज सरो वैद्य मरो ही म्हण काही माझ्यासाठी नवी बनवलेली नाही. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. आता माझ्या बाजूनं कुणीतरी बोलेल असं वाटत होतं.

त्रिशला उठली. ती बचत गटाची अध्यक्ष, मोजकं बोलणारी. मला वाटलं, ही माझी घरची सून, ही मला वाचवणार.

ती म्हणाली, "दिग्विजय, बोट कुणासाठी लागती? जी मानसं येळेत निघत न्हाईत त्यांच्यासाठी. ती का निघत न्हाईत, ते सांग की."

दिग्विजय म्हणाला, "आता ते काय सांगायचं वैनी, ज्येच्या त्येच्या मनावर हाय."

"मनावर न्हाई, दाव्यावर हाय," त्रिशला म्हणाली. "म्हसरं कुठं न्यायची ते म्हाईत न्हाई, म्हून बापय मानसं मागं ऱ्हात्यात. त्येंच्यासाठी घरच्या बाया मागं ऱ्हात्यात. मग सगळ्यांना काढाय काहील. आपल्या काहिलीचा फोटो पेपरात आला, सत्कार झाला. मला त्या सत्काराची लाज वाटती. ह्या काहिलीची परत गरज लागली, तर समजा आपन हरलो."

मला ते लागलं. फार लागलं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या पराक्रमाला तिनं चारचौघांत लाज म्हटलं. पण तिचा डोळा माझ्याकडं नव्हताच. ती पडवीच्या कोपऱ्यात बसलेल्या सासऱ्याकडं बघत होती, आणि अण्णा जमिनीकडं.

बायका एकेक करून त्रिशलाच्या बाजूनं बोलू लागल्या. सुलाबाई म्हणाली, "मी काय परत त्या फिरकीत बसनार न्हाई, आदीच सांगते." हशा झाला आणि हशातच निकाल लागला. ठरलं ते असं. बिरोबाच्या माळावर जनावरांसाठी पत्र्याची मोठी शेड बांधायची. तिथवर जायच्या चिखलाच्या वाटेवर मुरूम टाकायचा. बस्तीवर भोंगा बसवायचा. आणि भिंतीवरच्या जुन्या रेघेवर कुणी विसंबायचं नाही, तर खाली घाटाच्या पायरीवर नवी लाल खूण करायची. पाणी त्या खुणेला लागलं की भोंगा वाजवायचा.

निघायचं कधी, यावर मात्र पुन्हा घोळ झाला. कुणी म्हणे बघून ठरवू, कुणी म्हणे जेवून निघू. तेव्हा त्रिशला म्हणाली, "आपल्यात बरीच घरं दिस बुडायच्या आत जेवत्यात. मग नेम सोपा हाय. भोंगा वाजला की गावातल्या चुली बंद. चूल माळावर पेटंल. ज्याला जेवायचं त्यानं दिस बुडायच्या आत माळावर यावं." हा नेम सगळ्यांना पटला, जे रात्री जेवतात त्यांनाही. भुकेला सगळ्या जाती सारख्याच.

दिग्विजय रुसला, पण दोनच दिवस. त्याचा स्वभाव असा की पुढं राहायला मिळालं की त्याला सगळं मान्य. मुरूम टाकायला तो सगळ्यांच्या आधी हजर आणि घामानं निथळलेला. ज्या शेडला त्यानं विरोध केला, तिचे खांब त्यानंच उभे केले आणि वर म्हणाला, "वैनी, ही कल्पना मलाच सुचनार हुती, तुमी आदी बोलला." मला असली माणसं आवडतात.

मे महिन्यात रंगीत तालीम ठरली. श्रद्धा मॅडम मुद्दाम आल्या. दुपार कलता भोंगा वाजला. माणसं गाठोडी घेऊन हसत-खिदळत माळाला लागली. पोरं तर धावतच गेली. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं, आणि मग दावी सोडली. गावातल्या म्हशींनी माळाकडं एकदा बघितलं, तोंडं फिरवली, आणि सगळा तांडा शेपट्या उडवत थेट नदीकडं पळाला. दिग्विजय "हो हो" करत मागे, त्याच्यामागे मंडळाची पोरं. म्हशी घाटावरून पाण्यात उतरल्या आणि डोळे मिटून निवांत डुंबत बसल्या. पुरापासून पळायची तालीम नदीत जाऊन संपली. मॅडमनी फोटो काढायला वर केलेला फोन तसाच खाली घेतला.

लोकांना हसावं की रडावं कळेना. हसले ते फक्त अण्णा. पुरानंतर पहिल्यांदाच मी त्यांना हसताना बघितलं. गोठ्याच्या दारात उभे राहून ते म्हणाले, "शेड बांदली लय ब्येस. आता म्हसरांना तिचं आवतान धाडा. आरं, म्हस मानसाच्या मागं जात न्हाई, पान्याला जाती. हज्जारदा नेली तर तिला वाट कळती. माळाव काय पानी हाय?"

त्यांना दाखवायचं होतं की हे जमणार नाही. म्हणजे ते गोठ्यात बसायला मोकळे. पण त्रिशला त्यांच्याकडं टक लावून बघत राहिली. तिच्या डोळ्यांत आधी राग होता, मग विचार आला.

"मामा," ती म्हणाली, "मग पानी माळाव नेलं तर?"

"कशात नेतीस? घागरीत?"

 त्रिशलानं मान वळवली आणि भिंतीला टेकलेल्या माझ्याकडं बघितलं. मग तिथं असलेल्या प्रत्येकानं माझ्याकडं बघितलं. सन्मतीनंही. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "बरं झालं इकली न्हाई."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं मला माळावर आणलं. शेडच्या तोंडाशी खड्डा करून मला बसवलं आणि माळाखालच्या एका बोअरची नळी वर ओढून माझ्यात सोडली. तुम्हाला वाटेल मी आनंदले. छे! गुळाची काहील, मग पुरातली नाव, आणि आता म्हशींची पाणी प्यायची डोण. उतरती कळा म्हणतात ती हीच, असं मला वाटलं. सांगायला लाज वाटते, पण पहिले काही दिवस मी रुसून होते. माझं रुसणं कुणाला दिसत नाही, हा आणखी एक त्रास.

म्हशी आणायच्या कुणी, हा प्रश्न होता. त्रिशलानं तो सासऱ्यावर सोपवला. "मामा, जमनार न्हाई म्हनताय ना? मग तुमीच करून दावा न्हाई जमत ते." असल्या आव्हानापुढं आदगोंडा पाटलांची पाठ फिरणं शक्य नव्हतं. रोज दुपार कलली की ते आपल्या म्हशी घेऊन चढाला लागत. पुढं चंद्री, ही त्या पुरातून एकटी पोहून निघालेली म्हैस, आणि मागे तिच्या दोन लेकी. पहिल्या दिवशी चंद्री तीनदा मागे वळली.  अण्णा माझ्याजवळ आले, खिशातून गुळाचा खडा काढला आणि माझ्या पाण्यात टाकला.

मित्रांनो, किती वर्षांनी माझ्या अंगाला गूळ लागला! माझा रुसवा त्या खड्याबरोबर विरघळला. चंद्रीनं नाक फेंदारलं, वास घेतला, आणि माझ्यात तोंड घातलं. दुसऱ्या दिवशी ती एकदाच मागे वळली. आठवड्याभरात ती अण्णांच्या पुढं चालू लागली. मग गावातल्या बाकीच्या म्हशीही येऊ लागल्या. म्हशींचंही माणसासारखंच असतं, एक जिथं जाते तिथं काय आहे हे दुसरीला बघायचं असतं. म्हातारा आणि म्हशी सूर्य मावळायच्या आत परत जात, कारण अण्णांचं जेवण व्हायचं असे. पावसाळा लागला तरी त्यांनी नेम मोडला नाही. डोक्यावर पोतं घेऊन ते येत आणि मला म्हणत, "काय गं, अजून गळत न्हाईस?" मी कशाला गळते!

गेल्या श्रावणात पाणी पुन्हा आलं.

वर धरणातून विसर्ग वाढला, खाली नदी फुगली. दुपारी पाणी लाल खुणेला लागलं आणि भोंगा वाजला. ह्या वेळी कुणी हसत नव्हतं. माणसं गाठोडी घेऊन भराभर चढू लागली. सुलाबाई सगळ्यांच्या पुढं होती. शेडच्या एका कडेला मोठ्या चुली पेटल्या, बचत गटाच्या बायका भाकरी थापू लागल्या. माझी नजर मात्र वाटेकडं होती. सगळे आले, पण अण्णा दिसेनात. सन्मती आला, त्याच्या तोंडावर पाणी होतं ते पावसाचं की कसलं, कळत नव्हतं. तो दिग्विजयला म्हणाला, "अण्णा गोठ्यात बसल्यात. दावी धरून. त्रिशला तितंच हाय, मला म्हनली तू फुडं जा."

खाली काय झालं ते मला माळावरून दिसलं नाही. त्रिशलानं मागाहून बायकांना सांगितलं, तेच सांगते. अण्णा म्हशींच्या मधोमध बसले होते. त्रिशला त्यांच्या पाया पडली नाही, रडली नाही, ओढलं नाही. एवढंच म्हणाली, "मामा, तुमी बसा. पर मुक्या जिवाला बांदून ठिवायचं न्हाई, हे तुमचंच म्हननं हाय." आणि तिनं दावी सोडली.

चंद्रीची रोजची पाण्याची वेळ झालेली होती. ती उठली, अंग झटकलं आणि गोठ्यातून बाहेर पडली. मागे तिच्या लेकी. नदी गोठ्यापासून दोन हातांवर आली होती, पण चंद्रीनं तिच्याकडं ढुंकून बघितलं नाही. ती मुरमाच्या वाटेला लागली. अण्णा ओरडले, "हुर्र… थांब! चंद्रे, थांब!" चंद्री थांबली नाही. अण्णा उठले. दोन पावलं आले, दारात थबकले. मग काय वाटलं कोण जाणे, पायात वहाणा न घालताच ते तिच्यामागे चालू लागले. त्रिशला सगळ्यात मागे. तिनं गोठ्याचं दार लोटलं आणि मागे वळून बघितलं नाही.

मला दिसली ती आधी चंद्रीची शिंगं. मग तिचं ओलं कपाळ. मग तिच्या लेकी, आणि त्यांच्यामागे धापा टाकत येणारा म्हातारा. सन्मती धावत सुटला. दिग्विजयनं एवढ्या मोठ्यानं शीळ घातली की बाकीच्या म्हशी बिचकल्या. चंद्रीनं कुणाकडं लक्ष दिलं नाही. ती सरळ माझ्याकडं आली आणि माझ्यात तोंड घालून पाणी पिऊ लागली.

अण्णा माझ्या काठावर हात टेकून उभे राहिले.  खाली गोठ्यात पाणी शिरताना दिसत होतं. जिथं ते बसले होते, तिथं आता नदी होती. 

"पोरी," ते त्रिशलाला म्हणाले, "मला कुनी आनलं न्हाई हां. मी म्हसरांमागं आलो."

"व्हय मामा," त्रिशला म्हणाली. ती हसत होती. "दिस बुडायला आलाय. जेवायला बसा."

अण्णा हात धुऊन पंगतीत बसले. सूर्य पलीकडच्या शिवारात टेकला तेव्हा त्यांचा शेवटचा घास झाला होता.

त्या पुरात बोरमळीतून कुणालाच पाण्यातून काढावं लागलं नाही. घरात चिखल झाला, भिंती ओलावल्या, गोठ्याची एक बाजू खचली. ते सगळं पुन्हा उभं राहिलं. पण एकही माणूस, एकही जनावर गेलं नाही. पेपरवाले आले, इकडं-तिकडं फिरले आणि निघून गेले. ज्या गावात कुणी बुडत नाही, तिथं फोटो कशाचा काढणार? माझा सत्कार झाला नाही. मला हारही घातला नाही. आणि मित्रांनो, खरं सांगते, मला त्याचं रतीभरही वाईट वाटलं नाही. पूर्वी मी पुराच्या पाण्यावर होते, आता पाणी माझ्यात होतं. कऱ्हाडच्या हरिबानं पहिल्या दिवशी मला भरून बघितलं होतं, त्याचा अर्थ मला इतक्या वर्षांनी लागला.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे. संकटात धावून येणाऱ्याचं कौतुक जरूर करा. मीही ते पोटभर घेतलं आहे. पण संकटाच्या आधी, कोरड्या दिवसात जो रोज थोडं थोडं काम करतो, त्याच्याकडंही बघत जा. तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही आणि पूर आल्यावर म्हशीला वाट शिकवता येत नाही. तुमच्या गावात एखादी शेड, एखादा भोंगा, एखादी लाल खूण असेल, तर ती आपली समजा. रंग उडाला तर द्या, मुरूम वाहून गेला तर पुन्हा टाका. आणि माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू भिंतीला टेकून असेल, तर तिला विकायच्या आधी एकदा तिच्याकडं नीट बघा. शेवाळ धरलं तर घासा. आमची एवढीच अपेक्षा असते.

चला, म्हशींचं पिऊन झालं. आता जरा बाजूला सरका, वाटेत उभे राहू नका. ते बघा, चंद्रीचं नवं रेडकू येतंय, गेल्या पुरानंतर जन्मलेलं. त्यानं पूर कसा असतो ते बघितलेलं नाही. आज त्याची आई गोठ्यातच आहे, अण्णांचे गुडघे दुखतात म्हणून तेही खालीच आहेत. ते एकटंच चढ चढून आलंय. त्याला वाट कुणी दाखवावी लागत नाही.